एकच घर की एकच रक्त? कुष्ठरोग, वंशावळी आणि संगणकाचा हिशेब

(पनवेल येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय तसा संगणकाच्या प्रोग्रामांचा आहे. घराण्यात चालत येणाऱ्या गुणधर्मांचा गुणसूत्रांवर माग काढणारे प्रोग्राम. याला सहलग्नता-विश्लेषण म्हणतात, इंग्रजीतला लिंकेज ॲनालिसिस हा शब्द तुमच्या कानावर आला असेल. पण हा विषय पनवेलात मांडायचा तर सुरुवात संगणकापासून करून चालणार नाही. इथून जवळच नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. तुमच्यापैकी अनेक जण तिथे जाऊन आले असतील. अशा संस्था का उभ्या राहिल्या? औषधं दवाखान्यातही मिळतात. पण बरं झाल्यावरही ज्यांना घरी परत घेत नव्हते, त्यांना राहायला जागा लागत होती. आणि घरी का घेत नव्हते, तर दोन भीती होत्या. एक, हा रोग आपल्याला लागेल. दुसरी, हा रोग आपल्या घराण्याला लागला असं लोक म्हणतील आणि मुलामुलींची लग्नं अडतील.

बघा, या दोन वेगवेगळ्या भीती आहेत. पहिली संसर्गाची, दुसरी आनुवंशिकतेची. एकाच रोगाबद्दल दोन्ही एकदम कशा काय? या प्रश्नाचा दीडशे वर्षांचा इतिहास आज सांगायचा आहे. त्यात संगणक शेवटी शेवटी येतो, पण जे काम आधी कुणालाच जमलं नव्हतं ते तो करतो.

मुंबई इलाख्यातला पहिला हिशेब

आपल्याकडे याला महारोग म्हणत, खेड्यापाड्यात रगतपिती. जुन्या धर्मशास्त्रात या रोग्याला वाटणीतून वगळलेलं होतं. ही अडचण कायद्याने दूर व्हायला १९२८ साल उजाडलं. म्हणजे गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, क्रूरपणाच तो, की जमिनीचा वारसा रोग्याला मिळायचा नाही, आणि रोगाचा वारसा मात्र त्याच्या मुलाबाळांच्या नावावर चढायचा.

युरोपातल्या वैद्यकाचं मतही त्या काळात हेच होतं. नॉर्वेमध्ये कुष्ठरोग खूप होता. तिथल्या डॅनियलसन आणि बोक या दोन डॉक्टरांनी १८४७ साली मोठा ग्रंथ काढला आणि त्यात हा रोग आनुवंशिक आहे असं मांडलं. त्यांनी हे उगाच म्हटलं नव्हतं. घरंच्या घरं तपासली होती. बाप रोगी, मुलगा रोगी, चुलता रोगी, असं दिसत होतं.

आता मुंबईत या. हेन्री व्हँडाइक कार्टर नावाचा डॉक्टर १८५८ साली मुंबईला आला. ‘ग्रेज ॲनॉटॉमी’ हे शरीररचनेचं जगप्रसिद्ध पुस्तक तुम्ही ऐकलं असेल, त्यातली मूळ चित्रं याची. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने शिकवलं, सातारला सिव्हिल सर्जन म्हणून काम केलं आणि मुंबई इलाख्यातल्या कुष्ठरोगाचा सखोल अभ्यास केला. याच सुमारास मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड कडू कवठीच्या बियांच्या तेलाने या रोगावर उपचार करून पाहत होते. म्हणजे विषय ऐरणीवर होता.

कार्टरचाही आधी कल आनुवंशिकतेकडेच होता. १८७३ साली तो नॉर्वेला गेला. तिथे डॅनियलसनचाच जावई, गेरहार्ड आर्मावर हॅन्सन, याला रोग्यांच्या गाठींमधल्या पेशींत काडीसारखे जंतू दिसले होते. सासऱ्याचं मत आनुवंशिकतेचं आणि जावई म्हणतोय जंतू! कार्टरने ते पाहिलं, त्याचं मत बदललं आणि परत येऊन तो संसर्गाच्या बाजूने लिहू लागला.

पण वाद मिटला नाही. बेल्जियन पाद्री फादर डेमियन हवाईत रोग्यांची सेवा करता करता याच रोगाने १८८९ साली गेले, तेव्हा जगभर घबराट झाली. मुंबईत म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० साली बेघर रोग्यांसाठी आश्रम उघडला, तेच आजचं वडाळ्याचं ॲकवर्थ रुग्णालय. आणि १८९०-९१ मध्ये एक आयोग भारतभर फिरला. त्याचा निष्कर्ष ऐकण्यासारखा आहे. तो म्हणतो, रोग आनुवंशिक नाही. आणि पुढे म्हणतो, संसर्ग होतो, पण इतका कमी की तो धरला नाही तरी चालेल.

आनुवंशिक नाही, संसर्गही जवळजवळ नाही. मग एकाच घरात दोघा-तिघांना का होतो? आयोगापाशी याचं धड उत्तर नव्हतं, कारण त्यांच्या हातातल्या साधनाने ते मिळणारच नव्हतं.

का, ते सांगतो. तुम्ही हजार घरं मोजा. बापाला रोग, मुलालाही रोग. आता हे रक्तामुळे की घरामुळे? बापाचं रक्तही मुलाकडे आलंय, आणि बापाच्या शेजारी मूल झोपतही होतं. एकच पाणी, एकच खोली, एकच गरिबी. भाऊ-भाऊ घ्या, तेच. नवरा-बायको घ्या. घर एक, रक्त वेगळं. तिथे दोघांनाही रोग क्वचित दिसतो. आनुवंशिकतावाले म्हणाले, बघा, संसर्ग असता तर बायकोला झाला नसता का? संसर्गवाले म्हणाले, मोठ्या वयात लागण कमी होते, लहानपणचा सहवास धरा. दोघांकडे एकच आकडे आणि अर्थ उलटे. नुसते नातेवाईक मोजून घर आणि रक्त वेगळं करता येत नाही.

जुळी भावंडं

पुढची शंभर वर्षं झरझर सांगतो. जंतू निश्चित झाला. १९४०च्या दशकात डॅप्सोनच्या गटातली औषधं आली, १९८०च्या दशकात तीन औषधांची बहुऔषधी पद्धत आली आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. त्याच वेळी एक जुनं निरीक्षण नव्याने लक्षात आलं. जंतू शरीरात गेला तरी बहुसंख्य लोकांना रोग होतच नाही. त्यांची प्रतिकारशक्ती त्याला परस्पर निस्तरते. मग ज्यांना होतो त्यांच्यात काय वेगळं असतं?

१९७३ साली चक्रवर्ती आणि फोगेल या संशोधकांनी भारतातल्या जुळ्या भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकसारख्या जुळ्यांच्या ६२ जोड्या आणि भिन्न जुळ्यांच्या ४० जोड्या. एकसारख्या जुळ्यांत दोघांनाही रोग असण्याचं प्रमाण सुमारे ६० टक्के निघालं, भिन्न जुळ्यांत २० टक्के. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात वाढतात, पण एकसारख्या जुळ्यांचं रक्त पूर्ण एक असतं. म्हणजे रक्ताचा काहीतरी वाटा आहे.

पण इथेही फट राहते. दोघांनाही रोग असलेली जुळी डॉक्टरांच्या नजरेत लवकर भरतात, त्यामुळे नमुना झुकतो. आणि वाटा आहे म्हणजे कुठे आहे? तेवीस गुणसूत्र-जोड्यांपैकी कुठल्या जागी? जुळी हे सांगू शकत नाहीत.

नाणेफेकीचा हिशेब

आता सहलग्नता म्हणजे काय ते समजून घेऊ. १९१३ साली अमेरिकेत स्टर्टेव्हंट या तरुण विद्यार्थ्याने फळमाशीच्या जनुकांचा पहिला नकाशा काढला. तत्त्व सोपं होतं. गुणसूत्रावर ज्या दोन गोष्टी जवळजवळ असतात, त्या पुढच्या पिढीत बहुधा एकत्र जातात. लांब असतील तर त्यांची ताटातूट होते. ताटातूट मोजा म्हणजे अंतर कळतं.

माशांत हे सोपं आहे, पाहिजे तसा संकर करता येतो. माणसांत वाट बघावी लागते, आणि कुटुंबं लहान. जे. बी. एस. हॉल्डेन, जे पुढे १९५७ साली भारतात येऊन इथलेच झाले, त्यांनी ज्यूलिया बेल यांच्यासोबत १९३७ साली हिमोफिलिया आणि रंगांधळेपणा यांची जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळ आहेत हे दाखवलं. त्याआधी १९३५ साली लायोनेल पेनरोज यांनी आणखी एक कल्पना मांडली होती. मोठी वंशावळ नको, नुसत्या भावंडांच्या जोड्या पुरतील. आजच्या गोष्टीत हीच कल्पना महत्त्वाची ठरते.

समजा दोन सख्खी भावंडं आहेत, दोघांनाही रोग आहे. गुणसूत्रावरची कुठलीही एक जागा घ्या. तिथे आईकडे दोन प्रती असतात, त्यातली एक मुलाला जाते. कुठली, ते नाणेफेकीवर. वडिलांचंही तसंच. मग दोन भावंडांना आईकडूनही तीच आणि वडिलांकडूनही तीच प्रत येण्याची शक्यता चारात एक. एक सारखी, एक वेगळी, ही शक्यता अर्धी. दोन्ही वेगळ्या, चारात एक. शंभर जोड्या घेतल्या तर २५, ५०, २५.

आता असं समजा की एखाद्या जागी ४०, ४५, १५ आले. रोगी भावंडं त्या जागी अपेक्षेपेक्षा जास्त सारखी आहेत. हे घरामुळे झालं म्हणता येईल का? नाही. घर दोघांना एकच होतं हे खरं, पण खोली एक असल्यामुळे, पाणी एक असल्यामुळे आईची नाणेफेक एका विशिष्ट गुणसूत्राच्या विशिष्ट जागी बदलत नाही. घराचा प्रभाव सगळ्या जागांवर सारखा, म्हणजे शून्य. एखाद्याच जागी कल दिसला तर तो रक्ताचा. एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांना जी गाठ सोडवता येत नव्हती, ती इथे सुटते.

हाताने होत नाही, म्हणून यंत्र

मग हे १९३५ सालीच का केलं नाही? दोन अडचणी होत्या. पहिली, प्रती ओळखायच्या कशा? तेव्हा रक्तगट आणि मूठभर खुणा एवढंच हाताशी होतं. १९८० साली बॉटस्टीन आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की डीएनएतलेच छोटे फरक खुणा म्हणून वापरा. पुढे माणसामाणसांत लांबी बदलणारे छोटे पुनरुक्त तुकडे सापडले. मैलाचे दगड असावेत तसे हे मार्कर सगळ्या गुणसूत्रांवर पसरलेले आहेत.

दुसरी अडचण हिशेबाची. १९५५ साली न्यूटन मॉर्टन यांनी लॉड स्कोअर रूढ केला. दोन शक्यतांची तुलना करायची, सहलग्नता आहे आणि नाही, आणि गुणोत्तर दहाच्या घातात मांडायचं. लॉड ३ म्हणजे हजारास एक. कल्पना स्वच्छ, पण आकडेमोड रानटी. आजोबा वारलेले, आईचा नमुना नाही, मार्कर कधी बोलतो कधी गप्प. अशा वेळी जे माहीत नाही त्याच्या सगळ्या शक्यता धरून बेरीज करावी लागते.

१९७१ साली एल्स्टन आणि स्ट्यूअर्ट यांनी युक्ती काढली. वंशावळ एकदम सोडवू नका, शाखा-शाखा करत खुडत या. त्यावर आधारलेला लिपेड हा प्रोग्राम युर्ग ऑट यांनी १९७४ साली लिहिला. १९८४ साली लिंकेज नावाचं पॅकेज आलं. या पद्धतीला माणसं कितीही चालतात, पण मार्कर वाढले की दम लागतो. १९८७ साली लँडर आणि ग्रीन यांनी बाजू उलटी केली. गुणसूत्रावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जा, प्रत्येक मार्करपाशी सगळ्या नाणेफेकींचा विचार करा. इथे मार्कर कितीही चालतात, पण कुटुंब मोठं झालं की संपलं. प्रत्येक अपत्यामागे दोन नाणी. कुटुंबात दहा अपत्यं, नातवंडं धरून, असली की वीस नाणी, म्हणजे १० लाख ४८ हजार ५७६ शक्यता, तेही प्रत्येक मार्करपाशी. १९९६चा जीनहंटर आणि २००२चा मर्लिन हे प्रोग्राम या वाटेवरचे. ते हाच पसारा चतुराईने आवरतात.

आणखी एक मुद्दा आहे, आणि तो या प्रोग्रामांच्या ताकदीपेक्षा शहाणपणाचा आहे. हंटिंग्टन रोगासारख्या ठिकाणी नियम माहीत असतो. जनुक आलं की रोग आला. १९८३ साली त्याची जागा याच मार्गाने सापडली. पण कुष्ठरोग, मधुमेह, रक्तदाब यांना आपण गुंतागुंतीचे गुणधर्म म्हणतो. इथे निरोगी माणूस काहीच सांगत नाही. त्याच्यात दोष नसेल, किंवा दोष असेल पण जंतू कधी भेटलाच नसेल. म्हणून नव्या प्रोग्रामांनी नियम गृहीत धरणं सोडलं. ते फक्त रोगी भावंडांकडे बघतात आणि एवढंच विचारतात, ही इथे अपेक्षेपेक्षा जास्त सारखी आहेत का?

दक्षिण भारतातली २२४ कुटुंबं

२००१ साली ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात एक निबंध आला. दक्षिण भारतातली २२४ कुटुंबं, त्यात रोगी भावंडांच्या २४५ जोड्या, बहुतेक कमी जंतू असलेल्या प्रकारच्या. ३९६ मार्कर वापरून सगळी गुणसूत्रं पिंजून काढली. दहाव्या गुणसूत्राच्या लहान भुजेवर, १०पी१३ या पट्ट्यात, लॉड स्कोअर आला ४.०९. म्हणजे साधारण बारा हजारास एक.

इथे थोडं थांबू. बारा हजारास एक ऐकून हुरळून जायचं नाही. पनवेलच्या एसटी स्टँडवर दिवसभर उभे राहिलात तर आपल्या गावचा कुणीतरी भेटणारच, त्यात चमत्कार नाही. चारशे ठिकाणी बघितलं तर एखाद्या ठिकाणी योगायोगाने आकडा वर जाणारच. म्हणून लँडर आणि क्रुगल्याक यांनी १९९५ साली सांगितलं होतं की भावंडांच्या अशा शोधात लॉड ३ पुरत नाही, ३.६ हवा. ४.०९ त्या रेषेच्या वर आहे.

दोनच वर्षांनी, २००३ साली, व्हिएतनाममधल्या कुटुंबांवरून दुसऱ्या एका गटाने सहाव्या गुणसूत्रावर जागा दाखवली. कमी जंतूंच्या प्रकारात त्यांनाही दहाव्या गुणसूत्राकडे इशारा मिळाला. २००४ साली सहाव्या गुणसूत्रावरच्या त्या जागेतली दोन शेजारी जनुकं पुढे आली आणि ब्राझीलमध्ये त्यांना दुजोरा मिळाला. पण भारतातल्या रुग्णांत तपासलं तेव्हा तो संबंध आढळला नाही. आणि आपला १०पी१३? तो पट्टा म्हणजे एक अख्खा तालुका. त्यात चोर आहे हे कळलं, घर नंबर कळलेला नाही. या पद्धतीची मर्यादाच ही आहे. दोन-तीन पिढ्यांत गुणसूत्रं फार तुटत नाहीत, त्यामुळे माग मोठ्या तुकड्यापर्यंतच लागतो. छोट्या छोट्या परिणामांच्या जनुकांसाठी तर ही पद्धत दुबळीच आहे, हे रिश आणि मेरिकँगास यांनी १९९६ सालीच दाखवलं होतं. पुढे संशोधक कुटुंबांऐवजी हजारो असंबंधित रुग्णांकडे वळले. २००९ साली चीनमधल्या अशा अभ्यासात प्रतिकारशक्तीची अनेक जनुकं सापडली. त्यातलं एक जनुक आतड्याच्या क्रोन रोगात आधीच ओळखलं गेलेलं होतं.

तुमच्या तालुक्यातलं उलट उदाहरण देतो. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये कर्करोगाचं संशोधन चालतं. स्तनाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए१ या जनुकाची जागा मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली याच सहलग्नतेने शोधली. तिथे एका जनुकाचा जोर मोठा होता, कमी वयात आजार होणारी कुटुंबं वेगळी काढल्यावर खूण स्पष्ट झाली. तिथे घराण्याचा इतिहास विचारणं हे काळजीचं लक्षण आहे, त्यावरून तपासण्या ठरतात. कुष्ठरोगात तसं नाही. तिथे अनेक जनुकं आहेत, प्रत्येकाचा हात हलका, आणि जंतू नसेल तर सगळी मिळूनही काही करू शकत नाहीत.

मग घरी काय सांगायचं?

म्हणून ‘आनुवंशिक’ या शब्दाबद्दल शेवटी बोललं पाहिजे. १८४७ साली हा शब्द घराण्यावर शिक्का म्हणून बसला. २००१ साली तोच शब्द परत आला, पण अर्थ पार बदलला होता. तेव्हा म्हणत होते, रोग रक्तातून येतो. आता म्हणतो, रोग जंतूपासून येतो, आणि जंतूशी झगडण्याची प्रत्येकाची तयारी थोडी थोडी वेगळी असते. ही तयारी तर क्षय, हिवताप, सगळ्यांबाबतच वेगळी असते. त्यासाठी कुणी क्षयवाल्याची सोयरीक कायमची मोडत नाही.

वर्तमानपत्रात ‘कुष्ठरोगाचं जनुक सापडलं’ असा मथळा येतो तेव्हा वाचणारा हा फरक करत नाही. जुनी भीती तिथे तयारच असते. कायद्यातूनही ती फार हळू गेली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या व्यक्तिगत कायद्यांत होतं, ते २०१९ साली काढलं. औषधाने रोग पूर्ण बरा होऊ लागल्याला तोपर्यंत तीस-पस्तीस वर्षं झाली होती.

आणि रोग संपलाय असंही नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठलं, पण जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण आजही भारतातच सापडतात. त्यानंतर महाराष्ट्रात घरोघर पाहणी केली तेव्हा नोंदीत नसलेले रुग्ण निघाले. लपतात ते लाजेने, आणि उपचाराला उशीर झाला की बोटं जातात, पाय बधिर होतात. शिक्क्याची किंमत ही अशी हातापायांनी मोजावी लागते.

तेव्हा प्रोग्रामने जे वेगळं करून दाखवलं ते व्यवहारात असं वापरा. रक्ताचा वाटा थोडा आहे, तो आपल्या हातात नाही आणि त्याची लाज धरण्याचं कारण नाही. घराचा वाटा आपल्या हातात आहे. घरात एकाला रोग निघाला तर बाकीच्यांची तपासणी करा. अंगावर न खाजणारा, स्पर्श न कळणारा फिकट किंवा लालसर चट्टा असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा, औषध फुकट आहे. निकट सहवासातल्यांना रिफॅम्पिसिनचा एक डोस प्रतिबंधासाठी देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली केली आहे. हे सगळं घराकडे बघून होतं, गोत्राकडे बघून नाही.

त्या २२४ कुटुंबांनी आपली नावं, आपली नाती, आपलं रक्त दिलं. ज्या गोष्टीसाठी लोकांनी त्यांना नावं ठेवली असतील, तीच त्यांनी संशोधकांसमोर उघड केली. प्रोग्राम लिहिणारे मोठेच, पण वंशावळ सांगायला धैर्य लागतं. ते नसतं तर संगणकाला हिशेबाला काही मिळालंच नसतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.